जेथल्या तेथें धांव

मॅरॅथॉन नांवाच्या लांब शर्यतीचें नांव आतां आमच्या खेड्यापाड्यांतहि कोणास नवें राहिलेलें नाहीं. पुण्यांत ती १९८३ सालीं व मुंबईंत २००४ सालीं सुरू झाली, आणि तालुक्यांच्या गांवींहि तिच्या लहान बहिणी निघूं लागल्या आहेत. तिचें अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर, म्हणजे जुन्या हिशेबानें तेरा कोसांहून किंचित् अधिक. जुन्नराहून नारायणगांव, तेथून मंचर व मंचराहून घोडेगांव अशी वाट धरिली तर सुमारें तितकेंच चालणें होतें, आणि आमच्या वाचकांत असे पुष्कळ आहेत कीं ज्यांच्या बापजाद्यांनीं इतकी वाट एका दिवसांत, डोक्यावर ओझें घेऊन, तोडिली आहे. तेव्हां अंतर ऐकून आम्हीं चकित व्हावें असें त्यांत कांहीं नाहीं.

परंतु हीच शर्यत कित्येक देशांत छपराखालीं धांवतात. बाहेर बर्फ पडत असतें, म्हणून मोठ्या बंदिस्त इमारतींत वाटोळा मार्ग आंखतात. त्याचा एक फेरा बहुधा दोनशें मीटरांचा असतो, आणि वेगानें वळतांना धांवणारा बाहेर फेंकला जाऊं नये म्हणून वळणावर मार्ग आंतल्या बाजूस उतरता ठेवितात. अशा मार्गावर मॅरॅथॉन पुरी करावयाची तर २११ फेऱ्यांस केवळ पांच मीटर कमी इतकें फिरावें लागतें. तीन चार तास मनुष्य धांवतो, घामानें निथळतो, त्याच्या पायांचे तळवे सोलून निघतात, आणि शेवटीं तो पोहोंचतो कोठें? जेथून निघाला तेथें. किंबहुना पांच मीटर अलीकडेच.

प्रश्न असा कीं, ज्या श्रमाला पोहोंचण्याचें ठिकाण नाहीं तो श्रम व्यर्थ होय काय? हा प्रश्न शर्यतीपुरताच असता तर ह्या पत्राची जागा आम्हीं त्यास दिली नसती. परंतु ज्यांचा जन्म त्याच त्या फेऱ्यांत जातो, तेंच शेत, तींच गुरें, तीच शाळा, तीच आठ वाड्यांची फेरी, अशा लोकांस हा प्रश्न रात्रीं दिवा मालविल्यावर केव्हां ना केव्हां पडतोच. तो ज्या उदाहरणांत सर्वांत उघडा दिसतो तें उदाहरण घेऊन विचार केला असतां बरें, म्हणून आम्ही ही शर्यत हातीं घेतली आहे.

कोणा शहाण्या म्हाताऱ्यास ही हकीकत सांगितली तर तो प्रथम हंसेल. "एवढ्या वेळांत लांकडें तरी फोडून झालीं असतीं," असें म्हणेल. त्याचें हंसणें आम्ही हलकें मानीत नाहीं. जुन्नर व आंबेगांव ह्या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम भागाचा विचार करा. आषाढांत तेथें पाऊस असा कोसळतो कीं घराबाहेर पाऊल टाकवत नाहीं, आणि वैशाखांत त्याच डोंगरांवरच्या वाड्यांतून बायका हंडे घेऊन पाण्यासाठीं उतरतात व भरलेले हंडे डोक्यावर घेऊन चढतात. खालीं डिंभ्याच्या धरणांत घोड नदीचें पाणी अडविलेलें आहे. ज्या आंबेगांवावरून तालुक्याचें नांव पडलें तें जुनें गांवच त्या पाण्याखालीं गेलें. ज्या बाईच्या सकाळपासून दोन खेपा झाल्या तिला जाऊन सांगा कीं, दूर देशीं कांहीं लोक कोठेंहि जावयाचें नसतां तेरा कोस धांवतात व त्यासाठीं वर्गणीहि भरतात. ती काय म्हणेल? कदाचित् कांहींच म्हणणार नाहीं. हंडा उचलून चालूं लागेल.

ह्याच विरोधाचें एक उदाहरण २०२० सालच्या मार्च महिन्यांत दिसलें. साथीच्या भीतीनें फ्रान्स देशांत लोकांस घराबाहेर पडण्याची मनाई झाली, तेव्हां तुलूझ शहराजवळच्या एका मनुष्यानें आपल्या घराच्या सात मीटर लांबीच्या सज्जांत मागें पुढें धांवून मॅरॅथॉनचें सारें अंतर पुरें केलें. ह्या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सहा हजारांहून अधिक वेळां त्यास जावें लागलें, व जवळजवळ सात तास लागले. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं आपल्या देशांत टाळेबंदी झाली, आणि मोठमोठ्या शहरांतून मजूर लोक बायकामुलांसह पायींच आपापल्या गांवांकडे निघाले. कित्येकांची वाट शेंकडों मैलांची होती. एकाला कोठेंहि जावयाचें नव्हतें व तो धांवला. दुसऱ्यांस घरीं पोहोंचावयाचें होतें, आणि गाडी मिळती तर त्यांनीं त्या वाटेवर एक पाऊलहि टाकिलें नसतें.

ह्यांतील पहिल्यास मूर्ख व दुसऱ्यांस धन्य म्हणणें फार सोपें आहे. परंतु दुसऱ्यांस धन्य म्हणण्यांत एक क्रूरपणा लपलेला आहे. गरजेनें जें करावें लागलें त्याची स्तुति गावी आणि ती गरज नाहींशी करण्याचें काम टाळावें, हा सुखवस्तु लोकांचा जुना मार्ग होय. पाणी वाहणाऱ्या बाईस नळ पाहिजे आहे; तिच्या चिकाटीवर निबंध नको आहे. म्हणून तिला बाजूस ठेवूनच आम्ही पुढें जातों. तिच्या श्रमाच्या मापानें धांवणाऱ्याचा श्रम मापूं नये, आणि धांवणाऱ्याचें कौतुक करितां करितां तिचें ओझें गोडहि करूं नये.

मुळांत लांब धांवणें हें निरोप्याचें काम होतें. इ. स. पूर्वीं ४९० सालीं ग्रीस देशांत मॅरॅथॉनच्या मैदानावर इराणी सैन्याचा पराभव झाला, तेव्हां एक जासूद तेथून अथेन्स शहरापर्यंत धांवत गेला, जय झाल्याचें सांगितलें व जागच्या जागीं गतप्राण झाला, अशी कथा आहे. जुना इतिहासकार हिरोडोटस ही कथा सांगत नाहीं. त्याच्या ग्रंथांतील जासूद लढाईपूर्वीं मदत मागण्यास स्पार्टा येथें धांवत गेला होता. विजयाच्या निरोपाची कथा कित्येक शतकें मागाहून लिहिलेली आढळते. कसेंहि असो, त्या धांवेंत निरोप होता. आपल्याकडेहि मराठेशाहींत जासूद होते, आणि इंग्रजी अमलांत टपालाची थैली खांद्यावर टाकून घुंगुर वाजवीत रान तुडविणारे हलकारे होते. त्याच्याहि पूर्वीं, सुमारें दोन हजार वर्षांमागें, कोंकणांतील बंदरांवरचा माल नाणेघाटानें जुन्नरास चढत असे. जकातीचीं नाणीं ज्यांत टाकीत असें लोक सांगतात तो दगडी रांजण घाटमाथ्यावर अद्यापि उभा आहे. त्या चढणीवर कोणी उगीच गेलें असेल असें वाटत नाहीं. पायांच्या पाठीशीं कांहीं तरी काम असे. तें काम काढून घेतलें, निरोप काढून घेतला, तर जें उरतें त्याला काय नांव द्यावें?

ह्या शर्यतीचें अंतर तरी कांहीं गूढ कारणानें ठरलें असेल असें कोणास वाटेल, तर तेंहि नाहीं. १९०८ सालीं लंडन येथील ऑलिंपिक खेळांत ही शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघून खेळाच्या मैदानांत राजघराण्याच्या बैठकीपुढें संपावी अशी व्यवस्था केली, आणि तें अंतर २६ मैल ३८५ यार्ड भरलें. पुढें १९२१ सालीं तेंच कायम ठरविण्यांत आलें. म्हणजे राणीसाहेबांस नीट दिसावें म्हणून जें अंतर आंखलें त्यासाठीं आज सर्व जगांतील माणसें पाय झिजवितात.

त्या दिवशीं डोरांडो पिएत्री नांवाचा इटलीचा एक लहानखुरा मनुष्य सर्वांच्या पुढें मैदानांत आला. हा आपल्या गांवीं मिठाईच्या दुकानांत कामास असे. मैदानांत शिरतांच त्याचें भान हरपलें व तो उलट दिशेस वळला. त्यास सुलट वळविलें. तो पडला, उठला, पुन्हां पडला. असें कित्येक वेळां झाल्यावर त्यास हात देऊन शेवटच्या रेघेपलीकडे नेलें. मदत घेतली म्हणून त्याचा जय रद्द झाला, व अमेरिकेचा जॉनी हेज पहिला ठरला. राणी अलेक्झांड्रा हिनें दुसऱ्या दिवशीं पिएत्रीस सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा पेला दिला.

त्याच वर्षीं २५ नोव्हेंबर रोजीं हे दोघे न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डन नांवाच्या इमारतींत, छपराखालीं, पैशाच्या पैजेनें पुन्हां धांवले. मार्ग इतका लहान कीं दहा फेऱ्यांचा एक मैल होई. म्हणजे २६२ फेरे. प्रेक्षकांच्या चिरुटांच्या धुरानें हवा कोंदलेली. ह्या वेळीं पिएत्री जिंकला. १५ डिसेंबरास त्याच ठिकाणीं कानडा देशाच्या मूळ रहिवाशांपैकीं टॉम लाँगबोट ह्याच्याशीं त्याची गांठ पडली, तींत मात्र शेवटाजवळ येऊन तो कोसळला. पुढच्या वर्षीं डिसेंबरांत लंडनच्या अल्बर्ट हॉल ह्या गाण्याबजावण्याच्या इमारतींत तो एका इंग्रजाबरोबर धांवला व हरला. तेथें काथ्याच्या चटया अंथरून मार्ग केला होता आणि फेरे होते ५२४. नारळाच्या काथ्याचा असा कांहीं उपयोग होईल हें आमच्या कोंकणांतील बांधवांच्या स्वप्नींहि आलें नसेल.

पैशासाठीं धांवला म्हणून पिएत्रीस कमी लेखणारे तेव्हां होते. आम्हांस त्यांत लाजेचें कांहीं दिसत नाहीं. ज्याचे पाय हेंच ज्याचें शेत, त्यानें त्यांतून पीक काढावें. आमचा प्रश्न त्याच्याविषयीं नसून, ज्यास पैसाहि मिळावयाचा नाहीं व टाळीहि मिळावयाची नाहीं, आणि तरी जो फेरे घालतो, त्याच्याविषयीं आहे.

धांव ह्या शब्दाकडेच प्रथम पाहूं. आमच्या भाषेंत त्याला निदान तीन अर्थ आहेत. पळणें ही एक धांव. गाडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी तापवून चढवितात ती दुसरी. आणि मोट चालत असे तेव्हां विहिरीच्या कांठापासून ज्या उतरणीवर बैल मागें पुढें करीत तीहि धांवच. मोटा आतां विजेच्या पंपांनीं घालविल्या, परंतु जुन्या विहिरींजवळ ती उतरण कोठें कोठें अजून दिसते. बैल दिवसभर तिच्यावर उतरे व मागें सरे. पाहणाऱ्यास वाटे कीं तो कोठेंच गेला नाहीं. पण संध्याकाळीं मळा भिजलेला असे. आपल्या पूर्वजांनीं ह्या जाग्यास धांव हें नांव ठेविलें तेव्हां धांवणें म्हणजे दूर जाणेंच असलें पाहिजे असा त्यांचा आग्रह नव्हता हें उघड आहे.

वाटोळें फिरणारा म्हटला कीं सर्वांच्या तोंडीं घाण्याचा बैल येतो. त्याच्या डोळ्यांवर झांपड बांधीत, कां तर आपण त्याच जाग्यावर फिरतों हें त्यास कळूं नये. कळल्यास तो थांबेल. घाण्यांतून तेल निघे, धन्याचें घर चाले, बैलास पेंड मिळे. खळ्यावर तिवड्याभोंवतीं फिरणाऱ्या बैलांची स्थिति थोडी बरी. त्यांस दिसत असे. त्यांच्या तोंडास मुसकें बांधावें कीं नाहीं ह्याविषयीं मोशेच्या नियमशास्त्रांत जी दया दाखविली आहे ती आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. एकंदरींत बैलाच्या फेऱ्यांतून कांहीं निघतें, परंतु ते फेरे बैलानें पत्करलेले नसतात.

मनुष्यासहि असेंच फिरविण्याची युक्ति इंग्लंडांत निघाली होती. १८१८ सालीं विल्यम क्युबिट नांवाच्या इंजिनियरानें तुरुंगांसाठीं एक मोठें पायऱ्यांचें चाक योजिलें. कैद्यांनीं तासचे तास त्याच्या पायऱ्या चढावयाच्या. चाक त्यांच्या पायांखालून फिरत राही व ते जेथल्या तेथें. कोठें त्यावर धान्य दळीत; कोठें कांहींच नसे, चाक नुसतें वारा कापी. पाय दोन्हीकडे तितकेच दुखत, परंतु कांहींच न दळणारें चाक कैद्यास अधिक असह्य होई, ह्यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही शिक्षा बंद झाली. तिचें इंग्रजी नांव ट्रेडमिल, आणि त्याच नांवाच्या यंत्रावर आज मंचर, नारायणगांवासारख्या गांवांतील तरुण मासिक फी देऊन धांवत असतात. ज्या क्रियेस एका काळीं शिक्षा म्हणत तीच क्रिया दुसऱ्या काळीं लोक विकत घेतात. पाय तेच, चाक बहुतेक तेंच. तेव्हां व्यर्थता पायांत किंवा चाकांत नाहीं. ती कशांत आहे?

आमच्या दोन तालुक्यांस बैलगाड्यांच्या शर्यतींचें वेड आहे हें सर्वश्रुत आहे. ह्या शर्यतींत फेरा नाहीं. घाटाच्या ह्या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सरळ धांव, आणि हिशेब सेकंदांचा. जत्रेचे दिवशीं हजारों लोक ऊन खात उभे असतात व एक बारी पापणी लवते तोंच संपते. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ह्या शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजीं अटी घालून तात्पुरती परवानगी दिली. आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें राज्याचा सुधारलेला कायदा मान्य केला. ह्या वादांत कोणाची बाजू खरी हें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. परंतु दोन्ही पक्षांच्या लांबलचक भाषणांच्या तळाशीं एकच गोष्ट होती: बैल आपण होऊन धांवतो कीं त्यास धांवविलें जातें? आश्चर्य हें कीं, बैलाविषयीं जो प्रश्न आपण न्यायालयापर्यंत नेला तो माणसांविषयीं घरांत सहसा कोणी विचारीत नाहीं.

छपराखालील धांवेंत एक अवघड गोष्ट आहे जी रस्त्यावरच्या धांवेंत नाहीं, आणि आमच्या मतें सर्व प्रश्नाचें मर्म तेथेंच आहे. रस्त्यावर धांवणारा दहाव्या कोसावर थकला तर थांबून त्याचा काय लाभ? मुक्काम अद्याप तीन कोस दूरच असतो; न धांवला तर चालावें लागेल. वाटच त्याला ओढते. बंद इमारतींत तसें नाहीं. तेथें दार आहे, बांक आहे, पाण्याचें भांडें आहे, कोरडा पंचा घेऊन बसलेलें आपलें माणूस आहे, आणि सुमारें दर मिनिटास तो त्या दाराजवळून जातो. सोडून देण्यासाठीं एक पाऊलहि अधिक टाकावें लागत नाहीं. रस्त्यावरच्यास मोह पांच सात वेळां होत असेल; ह्याला दोनशें दहा वेळां. पहिल्या फेऱ्यास जें ठरविलें तें दुसऱ्या फेऱ्यास शिळें होतें व पुन्हां ठरवावें लागतें.

आतां असें जिणें कोणाचें आहे तें पाहा. जो मुंबईस किंवा चाकणच्या कारखान्यांत गेला त्याची धांव रस्त्यावरची; त्यास परत फिरणेंच कठीण. जो मागें राहिला, म्हाताऱ्या आईबापांजवळ व दीड एकर जमिनीजवळ, त्याच्या दारावरून मात्र एस्. टी. ची गाडी रोज सकाळीं जाते. अर्धांगानें पडलेल्या नवऱ्याचें अंथरूण जी बाई वर्षानुवर्षें बदलते तिच्या माहेरची वाट बुजलेली नाहीं. वीस पटाच्या शाळेवरील मास्तर, चार घरांच्या वाडीस दर आठवड्यास जाणारा उपदेशक, ह्यांस कोणीं सांखळीनें बांधिलेलें नाहीं. त्यांची परीक्षा अंतराची नसून दाराची आहे. शेजारी म्हणतात, "दुसरें कांहीं जमलें नाहीं, म्हणून राहिला." एखाद्याविषयीं तें खरेंहि असेल. परंतु बहुतेकांविषयीं तें म्हणणाऱ्यानें ते फेरे मोजलेले नसतात. वर्षाच्या शेवटीं तो मनुष्य त्याच ओसरीवर बसलेला दिसतो, आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं तो हललाच नाहीं.

येथें एका धोक्याविषयीं स्पष्ट बोलणें अवश्य आहे, कारण अशा विवेचनाचा दुरुपयोग लवकर होतो. फेरे घालीत राहणें हा गुण होण्यास दार उघडें असलें पाहिजे. दारास कुलूप घातलें कीं तेंच फिरणें तुरुंगाचें चाक होतें, आणि चाकावरील कैद्याच्या चिकाटीचें कौतुक करणें ही त्याची थट्टा होय. ज्या घरांत मारहाण आहे त्या घरांतील सुनेस "धीर धर, फेरे पुरे कर" असें सांगणारा मनुष्य, तो कितीहि वडीलधारा असो, शर्यत समजला नाहीं व दारहि समजला नाहीं. तिच्यासाठीं दार बाहेर पडण्यास आहे. तसेंच पायाचें हाड चिरलें असतां उरलेले फेरे पुरे करणें ह्यांत शौर्य नाहीं. दुसऱ्या दिवशीं तें पाऊल टेंकत नाहीं व घरच्यांस त्याचें ओझें होतें. पिएत्री पडतां पडतां उठला ह्याचें लोकांनीं कौतुक केलें, पण तो मरतां मरतां वांचला हें कौतुक करणारे विसरले.

दुसरा धोका निराळा आहे. देह कष्टविला म्हणजे वर कोठें तरी कांहीं जमा होतें, ही समजूत आपल्या देशांत फार जुनी आहे व ती आमच्या मंडळींतूनहि पुरती गेलेली नाहीं. दोनशें अकरा फेऱ्यांनीं मनुष्य दोनशेंपट चांगला होत नाहीं. उत्तम धांवणारे पण घरीं दिलेला शब्द न पाळणारे लोक सर्व देशांत आहेत. शिवाय सतत एकाच बाजूस वळण्यानें शरीरावरहि परिणाम होतो. ह्या मार्गांवर डावा हात आंत ठेवून धांवण्याची रीत आहे, त्यामुळें दोन्ही पायांवर भार सारखा पडत नाहीं. चोवीस तासांच्या वगैरे शर्यतींत तर दर कांहीं तासांनीं सर्वांस उलट दिशेनें फिरवितात. ही उलट फिरविण्याची युक्ति आम्हांस फार आवडली. तीच पाठशाळा, तींच पुस्तकें, तोच उपदेश दहा वर्षें एकाच अंगानें करणाऱ्यांसहि कोणी तरी मधून मधून उलट फिरवावें.

धांवण्याची उपमा घेणारे आमचे वाचक पौलाकडे वळतील, आणि तें योग्यच आहे. करिंथ येथील मंडळीस लिहितांना त्यानें ती घेतली आहे. त्या शहराजवळ इस्थ्मियन खेळ भरत असत, आणि जिंकणाऱ्यास झाडपाल्याचा मुकुट मिळे. पण त्या काळच्या मार्गाचा आकार कित्येकांस ठाऊक नसतो. ग्रीक मार्ग वाटोळा नव्हता, तर सुमारें सहाशें फुटांचा सरळ पट्टा असे. लहान शर्यत एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत. परंतु लांब शर्यतींत टोंकाच्या खांबास वळसा घालून परत यावें लागे, आणि असें कित्येक वेळां. म्हणजे पौलाचें पत्र ज्यांनीं प्रथम ऐकिलें त्यांच्या डोळ्यांपुढें, गेलों तितकेंच परत येण्याची धांवहि होती. धांव म्हटली कीं लांबच लांब रस्ता व त्याच्या शेवटीं वेस, हें चित्र आपण मागाहून काढलेलें आहे.

आमच्याच मराठी मुलखाच्या सीमेवरचें एक उदाहरण ह्या ठिकाणीं सांगण्यासारखें आहे. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ सालीं निघाला. तेथील खेळ पाहण्यास अध्यक्ष म्हणून सर दोराबजी टाटा गेले असतां त्यांस दिसलें कीं धांवणारे बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे आहेत, पाय अनवाणी आहेत, पाश्चात्त्य नियमांची त्यांस गंधवार्ता नाहीं. शंभर यार्डांची शर्यत, जी सरळ धांवावयाची, तीहि हे लोक वळणावरून धांवण्याच्या बेतांत होते. तरी त्यांचा वेग युरोपांतील वेगाच्या पुष्कळ जवळ होता. पुढें १९२० सालीं बेल्जम देशांत अँटवर्प येथें जे ऑलिंपिक खेळ झाले त्यांसाठीं टाटांच्या खटपटीनें जे खेळाडू गेले त्यांत बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले व सदाशिव दातार हे दोघे मॅरॅथॉन धांवले. त्या वर्षींचा मार्ग नेहमींपेक्षां लांब, ४२ किलोमीटर ७५० मीटरांचा होता. फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन पहिला आला. चौगुले दोन तास पन्नास मिनिटें व कांहीं सेकंद घेऊन एकोणिसावे आले.

एकोणिसावा म्हणजे काय? ज्यास मुकुट हेंच ठिकाण वाटतें त्याच्या हिशेबीं ते कोठेंच पोहोंचले नाहींत. अठरा जण पुढें होते. परंतु इतक्या लांब, परक्या हवेंत, परक्या रस्त्यावर शेवटच्या रेघेपर्यंत जाणें हें त्यांचेंच काम होतें, आणि तें झालें. शंभर वर्षें उलटलीं तरी त्यांचें नांव सांगतांना आम्हांस तो क्रमांक सांगण्याची लाज वाटत नाहीं. वाटोळ्या मार्गावर तर ही गोष्ट आणखी मौजेची होते. पुढचा धांवणारा मागच्यास गांठून त्याच्या पुढें जातो, आणि मग मागचा त्याच्या थोडा पुढें दिसूं लागतो, थोडा मागें दिसूं लागतो. मध्येंच येऊन बसलेल्या प्रेक्षकास कोण पहिला व कोण शेवटचा हें नुसतें पाहून सांगतां येत नाहीं. त्यासाठीं फेरे मोजणाऱ्याचा कागद पाहावा लागतो.

ह्या मोजणाऱ्याविषयीं थोडें लिहून आम्ही थांबतों. रस्त्यावर मैलाचे दगड असतात. वाटोळ्या मार्गावर दगड एकच, आणि तोच पुनः पुनः येतो. धांवणाऱ्यानें स्वतः मोजावें तर विसाव्या मैलानंतर डोकें चालत नाहीं. एकशें त्र्याहत्तर झाले कीं चौऱ्याहत्तर, हें त्यास आठवत नाहीं, आणि आठवलें तरी थकलेलें मन एक फेरा अधिक झाला असेंच सांगतें. म्हणून दुसरा कोणी तरी बांकावर बसून दर फेऱ्यास एक रेघ मारितो. हल्लीं ह्या कामास यंत्रें निघालीं आहेत, पण आमच्या खेड्यांतील शाळेच्या आवारांत तीं कोठून येणार? ज्या शिक्षकांस आपल्या मुलांकडून अशी लांब धांव, अर्थात् वयाला सोसेल इतकीच, करवून घ्यावयाची असेल त्यांनीं मार्ग आंतल्या कडेपासून तीस सेंटिमीटर बाहेर धरून मापावा, नाहीं तर दर फेऱ्यास थोडें थोडें अंतर चुकत जातें. अर्ध्या वाटेवर दिशा बदलावी. पाणी व बांक दोन्ही मार्गाला लागून ठेवावीं, आणि जो थांबेल त्याला कोणीं हंसूं नये. मोजणारे दर मुलामागें दोन असावेत, एकमेकांचे कागद त्यांनीं पाहूं नयेत, त्यांस सावलींत बसवावें व चहा वेळेवर द्यावा.